खळ वाळायच्या आत

७ फेब्रुवारी

शेपूट,

आधी वर ‘प्रिय’ लिहिलं होतं. मग तो कागद फाडला. बावीस वर्षांनी एकदम प्रिय म्हटलं तर तू म्हणशील, ताईला काहीतरी हवं असणार. मला काही नकोय. सुरुवात तू केलीस, मी नाही. आणि केलीस तरी काय, साडेतीन ओळींचं कार्ड. “तुमच्याकडे बुक क्लब चालतो असे मावशीकडून कळले. आमच्या इमारतीत सुरू करायचा आहे. कसा करतात ते कळवावे.” कळवावे! जिने तुझ्या डोक्यातल्या उवा काढल्या तिला तू कळवावे लिहितेस. पाणीपुरवठा खात्याला अर्ज केल्यासारखं.

तर कळवते.

आम्ही त्याला बुक क्लब म्हणत नाही. शनिवार म्हणतो. “शनिवारला येणार ना?” एवढंच. सुरुवात मी केली नाही, ती झाली. शेजारचा सलूनवाला त्याच्या वडिलांनी बांधायला टाकलेलं पुस्तक न्यायला आला. वडील तोवर गेले होते. पुस्तक हातात धरून म्हणाला, “तुम्ही वाचलंत का हे?” मी म्हटलं, बांधायला आलेलं सगळं वाचते, नाहीतर शिवायला कंटाळा येतो. “मग सांगा ना, काय वाचत होते ते शेवटी?” मी सांगत बसले. तासभर. तिकडे त्याचं गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून खुर्चीत वाळत होतं. पुढच्या शनिवारी तो परत आला आणि गल्लीतल्या नर्सला घेऊन आला. वाचनगट असा सुरू होतो. ज्याला विचारायचंय असा एक आणि जिला सांगितल्याशिवाय राहवत नाही अशी एक, एवढं पुरतं. बाकी खुर्च्या.

आता पुस्तकं. प्रत्येकाने एकेक प्रत आणायची म्हटलं तर तुझा गट पहिल्याच महिन्यात बसेल. आम्ही एकच प्रत घेतो आणि मी ती उसवते. पुस्तक आतून म्हणजे लहान लहान वह्याच, एकावर एक शिवलेल्या, हे तुला सांगायला नको. तुझ्या इमारतीतल्यांना सांगावं लागेल. मी शिवण सोडवते आणि त्याचे पाच गठ्ठे करते. आम्ही पाच जण आहोत. चिठ्ठी टाकून प्रत्येकाला एक गठ्ठा. आठवड्याने तो पुढच्याला द्यायचा. म्हणजे कुणी पहिल्यापासून वाचतं, कुणी थेट मधून, आणि कुणा बिचाऱ्याच्या वाट्याला आधी शेवट येतो. शनिवारी ज्याने जे वाचलं तेवढंच सांगायचं. हत्ती आणि आंधळे. भांडणं होतात. पाच आठवड्यांनी सगळ्यांचं सगळं वाचून होतं, सहाव्या शनिवारी शेवटची बैठक, मग मी पुस्तक परत शिवते. आधीपेक्षा मजबूत.

नियम फार नाहीत. ज्याची पाळी तो पुस्तक आणतो आणि त्याला कुणी नाही म्हणायचं नाही. घरमालकिणीनेही नाही. वाचताना ज्या पानावर पुस्तक मिटावंसं वाटलं, पुढे जाववेना, तिथे चिठ्ठी घालायची. त्याला आम्ही अडलेलं पान म्हणतो. शेवटच्या बैठकीत प्रत्येकाने आपलं अडलेलं पान सांगायचं, आणि का अडलं तेही. खरं सांगायचं. जिच्या घरी बैठक तिने सगळ्यात शेवटी बोलायचं, नाहीतर बाकीचे तिचीच री ओढतात.

दुकान आहे तसंच आहे. खळीची शेगडी, पुस्तकं आवळायचा बाबांचा शिकंजा. मधमाश्यांवरचं ते जाड पुस्तक अजून वरच्या फळीवर पडून आहे, गिऱ्हाईक परत आलंच नाही. नर्स दर वर्षी म्हणते हे उसवू या. मी म्हणते, दुसऱ्याची वस्तू आहे.

तुझं पुस्तक निघालं असं मावशी म्हणाली. वेगळ्या नावाने लिहिलंस म्हणे. मी वाचलेलं नाही. वाचणारही नाही. जुनं उकरायला हे पत्र नाही.

खाली काय लिहायचं ते सुचत नाही, म्हणून नुसतं,

बांधणीवाली


१३ फेब्रुवारी

शेपूट,

तुझं उत्तर यायच्या आत हे दुसरं लिहितेय. याचा अर्थ काही लावू नकोस.

शनिवारी टपालकाकांची पाळी होती. टपालकाका आठवतात ना? आपल्या गल्लीचे पोस्टमन, सायकलची घंटा न वाजवता तोंडानेच ट्रिंग ट्रिंग करायचे ते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. सहा वर्षांपूर्वी एका शनिवारी दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, “मला घ्याल का?” मी हो म्हटलं. तोंडावर नाही म्हणता येईना. तेव्हापासून एक शनिवार चुकवलेला नाही. नेहमी प्रवासवर्णनं आणतात, जन्मभर दुसऱ्यांची पाकिटं पोचवली, स्वतः कुठे गेले नाहीत म्हणून.

या खेपेला पिशवीतून कादंबरी काढली. निळं वेष्टन. वरचं नाव पाहिलं आणि मावशीने सांगितलेलं नाव आठवलं.

मी म्हटलं, “काका, कादंबरी? तुम्ही?”

“बदल हवा की,” म्हणाले.

नियम मीच केलेला. ज्याची पाळी तो आणतो, नाही म्हणायचं नाही. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा. त्यांच्यासमोर मी तुझं पुस्तक शिकंज्यात धरलं, पाठीवरचा सरस सुटा केला, दोरे कापले. माझ्या हातून कधी पान फाटत नाही. या वेळी एक फाटलं. नर्स म्हणाली, “ताई, तुमच्या हातून?” मी म्हटलं, वय झालं.

चिठ्ठ्या टाकल्या. मला पहिला गठ्ठा आला. सलूनवाल्याला दुसरा, टपालकाकांना तिसरा, नर्सला चौथा. गणिताच्या बाईंना पाचवा. या पलीकडच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, उत्तर पाहून मग गणित सोडवणाऱ्या, त्यामुळे शेवट मिळाला की खूश असतात.

गटात कुणालाही माहीत नाही की तू कोण. मी सांगितलं नाही. सांगणार नाही.

वाचणार नाही म्हटलं होतं. ते शब्द आता गिळावे लागणार.

ताई


२७ फेब्रुवारी

शेपूट,

तुझं दुसरं कार्ड आलं. “गटात कुणी सतत गप्प बसत असेल तर काय करतात?” एवढंच. दोन पत्रं लिहिली मी, आठ पानं, त्यावर तुझा हा एक प्रश्न. ठीक आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की गप्प बसणाऱ्याला बोल म्हणू नये. त्याच्या हातात काहीतरी काम द्यावं, खुर्च्या लाव, कप विसळ. हात कामात असले की तोंड सुटतं. आपल्या दुकानात हेच व्हायचं. दोरा मेणवताना तू मला काय काय सांगायचीस.

पहिला गठ्ठा वाचला. बांधणीच्या जागी तू कपडे रंगवण्याचं दुकान केलंस, खळीच्या जागी रंगाची कढई. बरं केलंस, नाहीतर सलूनवाल्याने पहिल्याच पानावर ओळखलं असतं. थोरली बहीण, धाकटी बहीण, हात थरथरणारे वडील. थोरली धाकटीला शाळेत पोचवायला जाते आणि धाकटी रडू नये म्हणून तास संपेपर्यंत खिडकीबाहेर उभी राहते. हे तुला आठवत होतं? मला वाटलं होतं तुला आत बसून मी दिसत नव्हते. मी रडले शेपूट. दुकानाचं दार लावून, भर दुपारी. गिऱ्हाईक दार ठोठावत होतं.

दुसऱ्या गठ्ठ्यातही ती बरीच आहे. तोंडाने फटकळ, पण बरी.

पण शनिवारी नर्स काय म्हणाली सांगू? तिने चौथ्यापासून सुरुवात केलेली. म्हणाली, “थोरली? सख्ख्या बहिणीला दूरच्या शहरात शिकायला जागा मिळाल्याचं पत्र येतं आणि ही बया ते कढईखालच्या जाळात घालते. वर तोंड करून सांगते, आलंच नाही. असली माणसं मी वॉर्डात रोज बघते. म्हाताऱ्याच्या उशाशी बसून गोड बोलणारी.”

सलूनवाला भडकला. त्याचे दुसरा आणि तिसरा वाचून झालेत. “काहीतरी बोलू नका. ती असं करूच शकत नाही. धाकटीला ताप आला तर तीन दिवस उभी आहे ती!”

“वाच पुढे, मग बोल.”

“तुम्ही वाचा मागचं, मग बोला!”

गणिताच्या बाई हसत होत्या. मी कप विसळत होते. माझ्याच घरात, माझ्याच खुर्च्यांवर बसून माझा निवाडा चालला होता आणि चहा मीच देत होते.

टपालकाकांनी या आठवड्यात चौथा गठ्ठा वाचला. त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाले, “माझं पान अडलंय. शेवटी बोलेन.” आणि माझ्या हातांकडे बघत राहिले.

तुला एकच सांगते. ते पत्र मी जाळलं नाही. कुणी काही म्हणो, तू काहीही लिही. मी ते जाळलेलं नाही.

ताई


१२ मार्च

शेपूट,

तुझं तिसरं कार्ड. “गटात कुणी खोटं बोलत असेल तर?”

हे तू तुझ्या इमारतीसाठी विचारत नाहीस.

काल चौथा गठ्ठा वाचून झाला होता. वाचला म्हणजे काय, तीनदा मिटला. धाकटी भर रस्त्यात पोस्टमनची सायकल अडवते, चार लोकांसमोर त्याला चोर म्हणते, आणि तो म्हणतो, “बाळ, मी दिलं होतं गं.” तसंच झालं होतं. मी वरच्या खिडकीतून बघत होते. तू पुस्तकात त्या धाकटीला नंतर पस्तावू दिलंयस. थोरलीला मात्र खिडकी लावून घ्यायला लावलंयस. तेही खरं आहे. लावली होती.

काल टपालकाका पाचाऐवजी चारलाच आले. म्हणाले, खुर्च्या लावतो. मी खळ ढवळत होते. पाचव्या खुर्चीपाशी थांबून माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

“तुझ्या वडिलांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली होती, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे, काका.”

“पत्र गहाळ केलं म्हणून. साधं पत्र, सही नाही, पुरावा नाही. माझी गल्ली काढून घेतली. तीन वर्षं मागच्या खोलीत थैल्या सोडत बसलो. खिडकी नव्हती त्या खोलीला. लोकांना भेटायची सवय माझी. घरी बायकोसुद्धा एकदा म्हणाली, तुमच्या हातून पडलं असेल हो कुठेतरी. ते लागलं मला.”

मी ढवळतच राहिले. खळ करपली.

“तुझ्या डाव्या हातात दिलं होतं मी. उजव्यात कुंचला होता. लांबट पाकीट, पत्ता टंकलेला.” मग खुर्ची नीट सरळ केली त्यांनी. “पहिलं वर्ष मी शनिवारी येत होतो ते तू कधी बोलतेस हे बघायला. पुढे पुस्तकांची गोडी लागली आणि ते मागे पडलं. मग हे पुस्तक बाहेर एका दुकानात चाळलं. माझंच बोलणं छापलेलं दिसलं मला, बाळ, मी दिलं होतं गं.”

“मग तुम्ही सगळ्यांना सांगणार?”

“शेवटच्या बैठकीला अडलेलं पान सांगायचं असतं. खरं सांगायचं असतं. नियम तुझाच.” मग म्हणाले, “तू शेवटी बोलतेस. या खेपेला माझ्या आधी बोललीस तर बरं होईल. मला कुणाची चुगली करायची नाही या वयात.”

तेवढ्यात नर्स आली आणि म्हणाली, काय जळतंय?

या सगळ्यात नर्सचं बघ. तिने मागच्या आठवड्यात पहिला गठ्ठा वाचला, आणि काल दुसरा संपवून आली. खिडकीबाहेर उभी राहणारी थोरली तिला आत्ता भेटली. बसल्या बसल्या म्हणाली, “मला हिचा नुसता राग होता तेव्हा बरं होतं. आता त्रास होतोय. जिने एवढं केलं तिनेच हे करावं?” सलूनवाला मात्र चौथा वाचल्यापासून मिठाची गुळणी धरून बसलाय. दोघांनी जागा बदलल्या. तू विचारलं नाहीस, पण गटाचा उपयोग काय, तर हा. एकटीने वाचलं असतं तर नर्स चौथ्या गठ्ठ्यावरच थोरलीला फाशी देऊन मोकळी झाली असती आणि सलूनवाला दुसऱ्यावरच तिची पूजा करत बसला असता. समोर दुसरा माणूस बसला की एवढं सोपं राहत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. पुढच्या पत्रात बघू.

ताई


२१ मार्च

शेपूट,

पंचवीसला शेवटची बैठक. चार दिवस आहेत. बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळली आहेत, त्यांना उद्या या म्हटलं. हे आज लिहिलं नाही तर मी कधीच लिहिणार नाही.

पत्र आलं होतं.

सकाळची वेळ होती. मी मधमाश्यांच्या पुस्तकाचा पुठ्ठा चढवत होते. टपालकाका आले, ट्रिंग ट्रिंग करून माझ्या डाव्या हातात पाकीट दिलं. तुझ्या नावाचं. मी ते फोडलं, का फोडलं विचारू नकोस, आपल्या घरात कुणाचंही पत्र कुणीही फोडायचं. तुला जागा मिळाली होती. दहा तारखेच्या आत येते म्हणून कळवायचं होतं. मला आनंद झाला. खरंच झाला, आधी तोच झाला. मग आत बाबांच्या हातून वाटी पडल्याचा आवाज आला. त्या महिन्यातली ती तिसरी. त्यांच्याच्याने सुई धरवत नव्हती, सदऱ्याचं बटण लावलं जात नव्हतं. तू गेलीस की मी, बाबा आणि ही खळ. अठ्ठावीस वर्षांची होते मी. माझं शिक्षण मी दहावीला सोडलं होतं, का ते तुला कधी सांगितलं नाही, तू विचारलं नाहीस. तेव्हा मला तुझा राग आला. तू काहीच केलं नव्हतंस, तरी आला.

आणि जिन्यावर तुझी पावलं वाजली.

पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला खळ लावून तयार होती. मी पत्र त्यावर ठेवलं आणि वरून अस्तराचा कागद बसवला. हात फिरवला. पुस्तक शिकंज्यात घातलं, आवळलं. तू आत आलीस. म्हणालीस, “ताई, टपाल आलं का गं?” मी म्हटलं, “नाही.”

मला वाटलं होतं, संध्याकाळी काढू. शपथेवर सांगते. नुसतं तुला एक दिवस उशिरा कळावं असं वाटलं होतं, एक दिवस मला रागवायला मिळावा म्हणून. खळ वाळायला चार तास लागतात. चार तास माझ्या हातात होते. ओलं असताना अस्तर सहज उचलता येतं, हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक आहे? पहिल्या तासात तू गाणं म्हणत छापील कागदांचे फर्मे दुमडत होतीस. दुसऱ्या तासात बाबांना आंघोळ घातली. तिसऱ्यात जेवलो. चौथ्यात मी शिकंज्यासमोर उभी होते आणि तू म्हणालीस, “उद्या येईल बहुतेक, हो ना?” मी म्हटलं, “येईल.”

मग ते वाळलं.

त्यानंतर एक दिवस गेला, मग दोन, मग दहा तारीख. तू त्यांना लिहून विचारलंस. पाठवलं होतं, उत्तर न आल्याने जागा दुसऱ्याला दिली, असं त्यांनी कळवलं. मग बाबांची तक्रार. मग रस्त्यात ते सगळं. प्रत्येक दिवसाबरोबर सांगणं अवघड होत गेलं. तू मला एकदाच विचारलंस, “ताई, तू तर नाही ना?” आणि मी म्हटलं, “तुझी जीभ झडो.” तू त्याच महिन्यात गेलीस. बाबा वारले तेव्हा दोन दिवस आलीस, माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. बाबा मरेपर्यंत पोस्टमनला शिव्या देत होते, आणि मी त्यांना औषध पाजत ऐकत होते.

म्हणून मी लिहिलं, जाळलं नाही. खरंच नव्हतं जाळलं. बघ कशी वकिली केली. खोटं न बोलता खोटं बोलायची मला बावीस वर्षांची सवय आहे.

आता भीती कशाची वाटते सांगते, कारण ती वाटते. मला या शनिवाराशिवाय काही नाही. पाच खुर्च्या, एवढंच माझं घर. शनिवारी तोंड उघडलं तर त्या रिकाम्या होतील. नाही उघडलं तर काका उघडतील, आणि त्यांनी नाही उघडलं, तर मी त्यांना दुसऱ्यांदा गप्प बसवलं असं होईल. हे तिसरं मला सगळ्यात वाईट वाटतं.

हे पाकीट आता लगेच टाकून येते. मागे फिरायला जागा नको.

ताई


२६ मार्च

प्रिय शेपूट,

या वेळी फाडणार नाही.

काल पाच वाजता सगळे आले. मी चहा ठेवला नाही, नर्सने आत डोकावून पाहिलं. गणिताच्या बाईंनी आपली चिठ्ठी घातलेलं पान काढून चष्मा लावला, कारण पाळी त्यांची होती. मी म्हटलं, “आज मी आधी बोलते.”

सलूनवाला म्हणाला, “नियम काय?”

“नियम मोडतेय.”

स्टुलावर चढून वरच्या फळीवरून मधमाश्यांचं पुस्तक काढलं. धूळ झटकली. टेबलावर ठेवून त्याचा पुठ्ठा उघडला, ओलं फडकं पिळून अस्तरावर पसरलं. नर्स म्हणाली, “ताई, हे तर तुम्ही कधी—” मी म्हटलं, थांब. भिजायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात सांगितलं सगळं. की हे पुस्तक माझ्या बहिणीने लिहिलंय. की थोरली मी आहे. की रंगाचं दुकान नाही, हेच दुकान, हाच शिकंजा. की पत्र जाळलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते म्हणून फडक्याकडे बघून बोलत होते.

मग सुरीचं पातं आडवं धरून अस्तर उचललं. पत्र निघालं. एका कोपऱ्याला पुठ्ठ्याची साल चिकटून आलीय, घडीवर पिवळं पडलंय, पण सगळं वाचता येतं. तुझं नाव, दहा तारीख, “आपले अभिनंदन” हे सगळं.

नर्स उठली. पर्स घेतली. दारात थांबून म्हणाली, “सहा वर्षं काकांना चहा देत होतात तुम्ही. याच हाताने.” आणि गेली. सलूनवाला आपल्या बुटांकडे बघत होता. गणिताच्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

टपालकाकांनी हात पुढे केला. मी पत्र त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं आणि बाकीच्या दोघांना म्हणाले, “बघा. मी दिलं होतं.” दुसऱ्यांदा म्हणाले, “मी दिलं होतं.” मग रुमाल काढला. मी म्हटलं, काका, मला माफ करा. ते म्हणाले, “ते बघू. लगेच कसं होईल? तीन वर्षं होती ती.” बरं झालं तसंच म्हणाले. लगेच हो म्हणाले असते तर माझा विश्वास बसला नसता.

मग म्हणाले, “मला याची लेखी प्रत दे. बायकोला वाचून दाखवायचीय.” मी तिथल्या तिथे लिहून दिली, खाली सही केली, सलूनवाल्याने आणि बाईंनी साक्षीदार म्हणून केली. काका ती घडी करून खिशात घालताना म्हणाले, “आणि हे पत्र टपालात टाकायचं नाही. हे माझं टपाल आहे. मी पोचवणार.” मी म्हटलं, दीड दिवसाचा प्रवास आहे. “प्रवासवर्णनंच वाचत बसू का?” म्हणाले.

तर हा कागद तुझ्या हातात पडेल तेव्हा तो माणूस तुझ्या दारात उभा असेल. त्याला आधी आत घे, पाणी दे, बसव, मग वाच. मला काय म्हणायचं ते नंतर म्हण किंवा म्हणू नकोस. मी माफी मागतेय हे स्पष्ट लिहिते, नाहीतर तू म्हणशील ताईने तेही अस्तराखाली घातलं. मी तुझी ती जागा घालवली, आणि त्यानंतरची आपल्या दोघींची बावीस वर्षं. मला क्षमा कर. उत्तराची तारीख नाही.

तुझं “कुणी खोटं बोलत असेल तर?” राहिलंच होतं. काही करायचं नाही. खुर्ची मांडत राहायची. काकांनी माझ्यासाठी सहा वर्षं तेच केलं, माझ्याच घरात येऊन. पुढच्या शनिवारी मी पाच खुर्च्या मांडणार आहे. नर्स येईल का माहीत नाही. तिची खिडकीजवळची.

काकांबरोबर तुझी कादंबरीही पाठवतेय. आज सकाळी शिवली. दोरा दुहेरी घेतलाय, फाटलेलं पान पातळ कागदाने सांधलंय, पाचही जणांच्या चिठ्ठ्या जिथल्या तिथे ठेवल्यात. माझी एकच आहे. चौथ्या गठ्ठ्यावर नाही, पहिल्यावर, त्या शाळेच्या खिडकीपाशी. पुठ्ठ्याला आतून अस्तर मात्र लावलेलं नाही, दोन्ही बाजू उघड्या ठेवल्यात. बांधणी म्हणून हे अर्धवट काम आहे, बाबांनी हातातून काढून घेतलं असतं. पण आत काही नाही हे तुला बघता यावं. अस्तराचे दोन कागद कापून सोबत दिलेत, आणि डबीत थोडी खळ. वाटलं तर तूच लाव. तुला येतं.

आणि हो, काका पिशवीतून एक वही काढून पुढे करतील. पत्र मिळालं म्हणून त्यात सही कर. साधं टपाल आहे, गरज नसते, असं मी म्हटलं त्यांना. ते म्हणाले, या खेपेला सही घेतल्याशिवाय मी हलणार नाही.

तुझी,
ताई